नोंद क्रमांक ३१७ : आत्याचा बत्ता

ती. आत्या,

तुझ्या हाताच्या टप्प्याबाहेर उभा राहून, पण पुरता वाकून नमस्कार. (टप्प्याबाहेर का ते पुढे कळेल. वाकून का, तेही कळेल.) तब्येत कशी आहे? झोप लागते ना? गुडघे काय म्हणतात? जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतेस, की वरच्या भाडेकरणीला दाखवायचं म्हणून अजून एका दमात चढतेस? तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून तू दुसऱ्यांचे ताप कागदावर उतरवलेस, म्हणून विचारतो. माझं म्हणशील तर खोकला आहे, जेवण जात नाही आणि आठ दिवस छातीत सारखं धडधडतंय. हे धडधडणं औषधाने जाणारं नाही. कशाने जाईल ते या पत्रात आहे. पत्र उभ्याने वाचू नकोस आणि शेवट आधी बघायची तुझी सवय या एका वेळी आवर.

तुझा बत्ता माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला निघताना तू मला खोकल्यासाठी मिरी, लवंगा आणि ज्येष्ठमधाच्या काड्या बांधून दिल्यास आणि बजावलंस की आयती पूड नेऊ नकोस, दर वेळी ताजी कूट. कशाने कुटायची ते सांगितलं नाहीस. म्हणून ओट्यावरचा बत्ता मी पिशवीत टाकला, आठ दिवसांत परत करीन अशा हिशेबाने. खल नेला नाही, कारण तो गेलेला लगेच तुझ्या लक्षात आला असता. (यावरून ही चोरी आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं, हे तू ओळखशीलच.) पुढे तुझं कार्ड आलं, बत्ता कुठे दिसला का रे म्हणून, आणि मी उलट टपाली ‘नाही’ असं ठोकून दिलं. ते खोटं होतं. वरच्या भाडेकरणीवरचा संशय कृपा करून मागे घे, आणि तिचं जे काही तू बंद केलं असशील ते सुरू कर. पाणी असेल तर आजच.

आता तो बत्ता नुसता माझ्याकडे असता तर मी रुमालात गुंडाळून पाठवला असता आणि तुझी बोलणी खाऊन मोकळा झालो असतो. पण तो सध्या लोखंडी कपाटात, कुलपात आहे, त्याच्यावर पांढऱ्या शाईने ३१७ हा आकडा लिहिलेला आहे, आणि तो आकडा माझ्याच अक्षरात आहे. कसा, ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. कारण आजवर मी ते तुला जरा फुगवून सांगत आलो. मी इथे उपप्रमुख नाही. (तू गल्लीत सांगितलं असशील, तर तिथेही जरा सावरून घे.) मी नोंदणीवाला. उत्खननाच्या जागेवर दोऱ्या बांधून पाच-पाच मीटरचे चौकोन आखतात, वरून एकेक थर खुरपीने आणि ब्रशने उतरवतात, आणि जे काही सापडेल त्याला मी नंबर देतो. कुठल्या चौकोनात, किती खोल, कशाच्या शेजारी, हे वहीत लिहितो आणि नकाशावर टिंब काढतो. सहा हजार वर्षांपूर्वी इथे एक वस्ती होती. धातू अजून त्या लोकांच्या हाती लागलेला नव्हता, सगळा कारभार दगड, माती आणि हाडांवर. तीन वर्षांत आम्हाला त्यांच्या एका घराची चोपलेली जमीन मिळाली, भोवती खांब रोवल्याचे खड्डे, मधे राखेने भरलेली चूल आणि धान्य भरडायचे चाळीसएक दगड. तू म्हणशील, एवढ्यासाठी तीन वर्षं? मीही पहिल्या वर्षी हेच म्हणत होतो.

या सगळ्याच्या प्रमुखांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाईंचे नियम दोनच. खड्ड्यातली कुठलीही वस्तू नंबर मिळाल्याशिवाय वर यायची नाही, आणि हत्यारांखेरीज बाहेरची कुठलीही वस्तू खड्ड्यात जायची नाही. दुसरा नियम नीट लक्षात घे. आमच्या धंद्यात दगडाचं वय दगड सांगत नाही, थर सांगतो. जी वस्तू ज्या थरात सापडली ती त्या थराएवढी जुनी. तुझा चष्मा त्या चुलीशेजारी राखेत निघाला, तर काचा बघून आम्ही चमकू, पण गुळगुळीत काळा दगड निघाला तर कोण कशाला चमकेल? त्यात तुझा बत्ता काही बाजारातला घोटीव बत्ता नव्हे. मूळचा फुटल्यावर आतोबांनी नदीच्या पात्रातून उचलून आणलेला लांबट धोंडा तो. त्याला घडवलं कोणी असेल तर तू, कुटून कुटून.

आणि टांगणीला काय होतं तेही सांगतो. बाईंना इथे अजून दोन वर्षं खणायचं आहे. परवानगी चौघांच्या समितीच्या हातात. समिती नाही म्हणाली, तर खड्डे बुजवून पहिल्या तारखेपासून त्या जमिनीवर मालट्रक उभे राहणार. खाली घर, चूल, बाईंची तीन वर्षं आणि आम्हा बावीस जणांची कामं. समिती सोमवारी यायची होती. बत्ता खड्ड्यात पडला त्याच्या आदल्या मंगळवारी.

तो पडला असा. मी चुलीच्या चौकोनाच्या काठावर फळी मांडीवर घेऊन नकाशा काढत होतो आणि वारा मोकाट सुटला होता. कागद उडू नयेत म्हणून मी वर तुझा बत्ता ठेवला. (सकाळीच त्याने लवंग कुटली होती, तो खिशातच होता. दुसरा नियम मला तोंडपाठ होता. पण मी खड्ड्यात नव्हतो, काठावर होतो, असं मी स्वतःला समजावलं.) तेवढ्यात बाईंनी शेडमधून हाक मारली. मी फळी बाजूला ठेवून उठलो, आणि परत येतो तो फळी कलंडलेली, आणि तीन आठवड्यांचे नकाशे शेतभर पळत सुटलेले. आत्या, मी आयुष्यात एवढा धावलो नाही. एक कागद कुंपणाच्या तारेत, एक चिखलात, एक मुकादमाच्या पाठीला चिकटलेला, आणि मुकादम मी पाठीमागे का लागलोय हे न कळून आणखी जोरात चालतोय. सगळे अकरा कागद मिळाले. त्या आनंदात बत्ता डोक्यातून पार गेला. त्याच संध्याकाळी, मी बसलो होतो तिथली कडेची माती ढासळून खाली पसरली. मुकादमाने नेहमीप्रमाणे चौकोनावर ताडपत्री अंथरली आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम चुलीजवळची पडलेली माती ब्रशने काढत होता. आमच्याकडे एक रीत आहे. काही महत्त्वाचं सापडलं तर ओरडायचं नाही, हात लावायचा नाही. नुसता एक हात वर करून बसल्या जागी थांबायचं. बाई येईपर्यंत बाकीच्यांनीही हातातलं काम थांबवायचं. मुकादमाचा हात वर गेला. बावीस माणसं गप्प झाली. मी वही घेऊन काठावर आलो, खाली वाकून बघितलं. चुलीच्या राखेत अर्धा रुतून, जसा काही सहा हजार वर्षांपूर्वी कोणी तरी आत्ता येते म्हणून ठेवून गेलंय असा, तुझा बत्ता पडला होता.

तू म्हणशील, मग तेव्हाच का नाही बोललास. बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण बाई खड्ड्यात उतरल्या, गुडघे टेकले, डोक्यावरची टोपी काढली आणि रडायला लागल्या. तीन वर्षांत मी त्यांना हसतानाही बघितलेलं नाही गं. आवाज न करता रडत होत्या, आणि मधेच म्हणाल्या की बघा, दाणे भरडायचे दगड इतके मिळाले, पण जिचा हात त्यांच्यावरून फिरला ती आज पहिल्यांदा भेटली. मुकादम मान खाली घालून पुटपुटला की राख जरा भुसभुशीत लागली बाई, पण त्याचं कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मग बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, लिहा. मी लिहिलं. क्रमांक ३१७, बत्ता, काळा दगड, चुलीशेजारी. नोकरीत आल्यापासून मी केलेली ती पहिली खोटी नोंद, आणि ती लिहिताना माझं अक्षर फार सुरेख आलं.

त्यानंतरचे पाच दिवस माझा जीव कसा टांगलेला होता ते तुला सांगून खरं वाटणार नाही. पहिल्या दिवशी कबुली द्यायची म्हणून शेडमध्ये गेलो. बाईंनी स्वतःच्या हाताने चहा पुढे केला आणि म्हणाल्या की तुमच्या नोंदी नसत्या तर या समितीपुढे उभं राहायची माझी हिंमत झाली नसती. चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं की बत्ता काढून घ्यावा आणि तिथे दुसरा तसलाच दगड ठेवावा. कपाटाची किल्ली माझ्याचकडे असते. खणलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर तासभर फिरून एक लांबट काळा दगड शोधला, आणि मुकादमाने विचारलं की खिशात काय. मी म्हटलं, हाताच्या व्यायामासाठी. त्यानंतर शनिवारपर्यंत तो रोज सकाळी मला ‘झाला का व्यायाम?’ असं विचारत होता, आणि मला त्याच्यासमोर दगड वरखाली करावा लागत होता. शिवाय मला उमगलं की दुसरा दगड ठेवला तर एका खोट्याचे दोन होतील. तो ढिगाऱ्यावर परत टाकला.

तिसरा उपाय मला सगळ्यात सभ्य वाटला आणि त्यानेच माझा घात केला. मी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, ‘बाई, क्रमांक ३१७ हा माझ्या आत्याचा बत्ता आहे. तो माझ्या हातून खड्ड्यात पडला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.’ खाली सही केली, आणि बाई शेडमध्ये नसताना तो टेबलावर पालथा ठेवून आलो, म्हणजे त्यांनी एकट्याने उलटून वाचावा. पण बाई कागदाच्या बाबतीत तुझ्याहून चिकट. पाठकोरा कागद दिसला की त्यांना भरून येतं. त्यांनी तो उलटलाच नाही. कोऱ्या बाजूवर समितीपुढे मांडायचे सगळे मुद्दे बारीक अक्षरात लिहिले आणि कागद फायलीत घातला. हे मला कळलं सोमवारी, समिती समोर बसल्यावर, जेव्हा बाईंनी फाईल उघडली.

आता ती खोली डोळ्यांपुढे आण. पत्र्याची शेड, लांब टेबल. एका बाजूला समितीचे चौघे, मधोमध अध्यक्ष. (मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवणारे गृहस्थ. बोलणाऱ्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघतात.) त्यांच्या बरोबर समोर बाई. टेबलाच्या टोकाला मी, वही आणि बत्ता. आणि बत्त्यापुढे भिंगवाले. हे दगडी हत्यारांचे जाणकार. दगडावरची झीज भिंगातून बघून तो कोणी, कसा वापरला ते सांगतात. म्हातारे, हळू बोलणारे, आणि इतके सावकाश की घड्याळवाल्यांच्या कपाळाला आठी. आमच्या चाळीस दगडांवरही त्यांनीच मत दिलेलं आहे. त्यांचं मत म्हणजेच आमची बाजू.

भिंगवाल्यांनी बत्ता फिरवला, भिंग लावलं, आणि बोलायला लागले. वापरणारी व्यक्ती डावखुरी. (माझा उजवा कान आपोआप गरम झाला. समोर उभं राहून डाव्या हाताने पिरगळलं की उजवाच कान सापडतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.) बाई माणूस असावी, पकड लहान आहे, पण मनगट भलतंच ताकदीचं. रोजचा वापर, पस्तीस-चाळीस वर्षांचा. आधी तीन जोरदार ठोके, मग फिरवून घोटणं, प्रत्येक वेळी हेच, कधी बदल नाही. शिस्तीची. आणि भिंग जरा वर उचलून म्हणाले, थोडी तापट. आत्या, मी तिथे बसून ऐकत होतो आणि मला तुझं स्वयंपाकघर दिसत होतं. ठक, ठक, ठक, आणि मग खरखर. लहानपणी मला त्या आवाजाने जाग यायची. आईबापांविना पोर तू सांभाळलंस हे मला सगळ्या जगाने सांगितलंय, पण ते एखाद्या दगडावर लिहिलेलं असेल असं वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. बाईंना वाटलं मला शास्त्राविषयी आस्था आहे.

मग भिंगवाले थबकले. खालच्या टोकाला टवका उडालाय, तिथे त्यांनी भिंग नेलं. म्हणाले, हे चमत्कारिक आहे. ही खूण धातूवर आपटल्याची वाटते. अध्यक्षांनी घड्याळावरून नजर उचलली. त्या काळात धातू? भिंगवाले म्हणाले, तेच म्हणतोय. (तू दर वर्षी नवं कॅलेंडर लावायला याच बत्त्याने खिळा ठोकतेस. हातोडी शोधायचा कंटाळा. मी तुला कितीदा सांगितलं होतं.) बाईंना वाटलं बाजू घसरतेय, म्हणून त्या उभ्या राहिल्या, मुद्द्यांचा कागद दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागल्या. त्यांचे बारीक मुद्दे त्यांच्याकडे. माझी ठळक कबुली सरळ अध्यक्षांकडे.

अध्यक्षांनी आधी नुसतं बघितलं. मग चष्मा काढून पुसला. मग टेबलावर पुढे झुकले. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. ‘बाई, क्रमांक’ इथपर्यंत ते पोहोचले होते, बाई आपल्या ‘प्रत्येक नोंद तपासून घेतलेली असून’ असं वाचत होत्या, आणि मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. मी म्हणालो, “ती माझी आत्या आहे.” सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा बत्त्याकडे बोट दाखवून म्हणालो, “म्हणजे, तो तिचा बत्ता आहे.” आणि सगळं सांगून टाकलं. पिशवी, लवंग, वारा, कागद, व्यायाम, सगळं. (मी धैर्याने बोललो की अध्यक्ष आणखी दोन ओळी वाचतील म्हणून बोललो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू कृपया धैर्यच समज.)

बाईंनी कागद उलटून माझी बाजू वाचली. मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वही ओढून घेतली, लाल शाईने ३१७ वर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ‘आजचा. नोंदणीवाल्याच्या आत्याचा.’ तारीख, वेळ, सही. वही माझ्याकडे सरकवली. अध्यक्षांनी विचारलं की एक खोटी निघाली, मग बाकीच्या तीनशे सोळा कशावरून खऱ्या?

उत्तर भिंगवाल्यांनी शोधलं. ते इतका वेळ माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, तुमची आत्या डावखुरी आहे का? मी म्हटलं, हो. तीन ठोके आणि मग घोटते? हो. अडतीस वर्षं. तापट? मी कानाला हात लावला. तेव्हा म्हातारबाबा अध्यक्षांना म्हणाले की दगडाचं वय मी सांगितलंच नव्हतं, हात सांगितला होता. तो बरोबर निघाला, तर बाकीच्या चाळीस दगडांवर मी जे म्हटलंय तेही खरं धरा, आणि ते खरं, तर ती घराची जमीनही खरी. अध्यक्ष म्हणाले, भाचा काय, हो म्हणेल. त्या आत्याबाईंना इथे आणा. येत्या सोमवारी सकाळी अकराला, आमच्यासमोर, कोणी काही न सांगता, याच बत्त्याने कुटून दाखवू दे. जुळलं तर दोन वर्षं, नाही तर ट्रक. एवढं बोलून त्यांनी घड्याळ मनगटावर चढवलं.

म्हणून हे पत्र. आत्या, ये. तुझा बत्ता चोरला, तुझ्याशी खोटं बोललो, तुला सहा हजार वर्षांची केली, तरी ये. समितीपुढे खल मांड, तुझे ते तीन ठोके मार आणि घोट. एका वाटीभर मिऱ्यांवर बाईंची दोन वर्षं आहेत. बाईंनी मला अजून कामावरून काढलेलं नाही. सकाळी आले की नुसत्या माझ्याकडे बघतात आणि वही तपासायला घेतात, आणि मला ते सहन होत नाही.

तुझा अपराधी आणि (आता खरं सांगायचं तर) नुसता नोंदणीवाला
भाचा

ता. क. खल आठवणीने आण आणि तो अजिबात धुऊ नकोस. भिंगवाल्यांना तळातली झीज आणि सांदीकोपऱ्यांतली पूड, दोन्ही बघायची आहेत. तुझ्या हाताला न धुता काही ठेवायचं म्हणजे शिक्षा, हे मला कळतं. पण चार दिवस दम धर.

ता. क. २. गल्लीतून तुझ्याकडे खोकल्याची पूड घ्यायला येणाऱ्यांना सांग की उशीर माझ्यामुळे झाला. त्यांचे खोकले माझ्या नावावर.

ता. क. ३. एक गोष्ट मी वर मुद्दाम लिहिली नाही, कारण लिहिली असती तर तुला कुटायला बोलावण्याचं तोंड मला उरलं नसतं. समिती गेल्यावर भिंगवाले नळावर हात धूत होते. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले की आत चारचौघांत बोललो नाही, पण बत्त्याच्या वरच्या टोकाला डाव्या तळव्याची खोल, जुनी चकाकी आहे, आणि तिच्यावरून एक नवी, फिकट चकाकी आडवी गेलेली आहे. दोन हातांच्या पकडीची. शेवटची दोनेक वर्षं तुमच्या आत्या डाव्या हाताने एकट्याने कुटत नव्हत्या. उजव्याने आधार देत होत्या. ठोके मारणंही सोडलं होतं, नुसतं घासत होत्या. मनगट कामातून गेलं की माणूस असं धरतं, म्हणाले. खरं आहे का हे? बत्ता गेल्यावर तू दुसरा आणला नाहीस. मी स्वतःला सांगत होतो की आतोबांची आठवण म्हणून आणत नसशील. आता वाटतं, तुला सुटल्यासारखं झालं असेल. गल्लीला पूड का मिळत नाही याचं कारण द्यायला एक चोर मिळाला. आणि पूर्वी तुझी चार-चार पानी पत्रं यायची, दोन वर्षं नुसती कार्डं येतात, दोन ओळींची. मला वाटायचं, रागावली असेल. जमिनीखालची टाचणीएवढी वस्तू वहीत लिहून घेणारा मी, आणि हे मला दिसलं नाही. मला स्वतःचा फार राग आलाय, आत्या, आणि थोडा तुझाही.

ता. क. ४. पाकीट बंद करण्याआधी हे सगळं बाईंना वाचून दाखवलं. (आता मी कुठलाही कागद त्यांना वाचून दाखवल्याशिवाय हलवत नाही, दोन्ही बाजू.) त्या म्हणाल्या की आत्याबाईंनी समितीपुढे काहीही कुटायचं नाही, मी सांगीन की त्यांचा हात दुखतो. मी म्हटलं, मग दोन वर्षं जातील. त्या म्हणाल्या, “जाऊ देत. मेलेल्यांचे हात शोधत तीन वर्षं बसलेय मी. जिवंत हात दुखतोय तर आधी तो बघा.” आणि हाडांच्या डॉक्टरांचा नंबर त्यांनीच दिला. शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. नर्सला डॉक्टरची भीती वाटते हे मी कोणाला सांगणार नाही. सोमवारचं सोमवारी बघू. तू शुक्रवारीच ये. खल आणू नकोस. फार जड आहे, आणि वाटेत तू तो दुसऱ्या कोणाला उचलू देणार नाहीस.